दोन खुणांचा कलदार

माझी निम्मी नोकरी पोरांच्या अंगावरचे तीळ शोधण्यात गेली. हसू नका. आमच्याकडे दहावीच्या परीक्षेच्या फॉर्मात प्रत्येक पोराच्या ओळखीच्या दोन खुणा लिहाव्या लागतात, आणि आदिलाबाद जिल्ह्यात भीमपूरकडच्या आमच्या सरकारी शाळेत ते काम कारकुनाचं, म्हणजे माझं होतं. हेडमास्तर तेलुगूत विचारायचे, "पुट्टुमच्चलु रासावा?", म्हणजे तीळ लिहिले का, की मी पोरांना रांगेत उभं करून बाह्या वर करायला लावायचो. उजव्या कोपराखाली तीळ. डाव्या गालावर तीळ. एखाद्याच्या अंगावर काहीच सापडलं नाही तर तो रडकुंडीला यायचा, आता आपल्याला परीक्षेला बसू देत नाहीत म्हणून. मग मी जुन्या जखमेचा वण लिहून त्याची सुटका करायचो. माझ्या हातचा एकही फॉर्म खुणांपायी परत आला नाही, याचा मला केवढा गर्व होता. गर्व कशाचा करावा यालाही अक्कल लागते, ती मला नव्हती.

नाण्यांचा नाद त्याच डोळ्यांना लागला. निजामाच्या राज्यात आमच्या भागात त्याचा स्वतःचा हाली शिक्का चालायचा. इंग्रजांचा चांदीचा रुपया यायचा तो नदीपलीकडच्या इंग्रजी मुलखातून, कापसाच्या मजुरीतून, आणि त्याला कलदार म्हणत. आमच्या बायांनी तो खर्चला नाही, कडी लावून गळ्यात घातला. त्यामुळे ज्यांच्या घरात धड पेटी नव्हती त्यांच्याकडेही दोन-चार कलदार असायचे. पुढे मोबाइल आले आणि जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळतात असे व्हिडिओ घरोघरी पोचले. मग काय विचारता. रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर माणसं रुमालाच्या गाठी सोडत बसायची.

खोटं नाणं ओळखायला मी वाचून, विचारून, हात भाजून शिकलो. खरा कलदार वजनाला बरोबर एक तोळा. फरशीवर टाकला तर आवाज लांबतो. साच्यात ओतलेला खोटा असेल तर अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं असतात आणि काठावर कानस फिरवल्याच्या रेघा सापडतात. नाणं खरं निघालं की मी चिठ्ठी लिहून द्यायचो. साल, धातू आणि खाली सवयीनं ओळखीच्या खुणा दोन. राजाच्या दाढीत टोच. मागच्या बाजूच्या पानांच्या वेलीवर उजवीकडं ओरखडा. खाली सही. मला कोणी शिकवलं नव्हतं की चिठ्ठीत वजनही लिहावं. पोरांच्या फॉर्मात वजनाचा रकाना नव्हता ना.

आता मूळ गोष्टीवर येतो, कितीही टाळावीशी वाटली तरी.

माझ्या सासूनं जन्मभर दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला. तिच्या गळ्यात सात कलदारांची माळ होती. ती गेल्यावर माझ्या बायकोनं आणि तिच्या थोरल्या बहिणीनं माळ सोडवून तीन-तीन वाटून घेतले. सातवा उरला. तो दोघींचा म्हणून माझ्या बायकोच्या पेटीत ठेवायचा असं ठरलं. थोरलीला माझी बायको 'बाई' म्हणायची, मग मीही बाईच म्हणायचो. बाई नदीपलीकडं महाराष्ट्रात दिलेली. तिनं धाकटीला अंगाखांद्यावर वाढवलेलं, कारण आई दिवसभर रानात. सणावाराला बाई आली की दोघी एकाच ताटात जेवायच्या. मी चिडवायचो, "घरात दुसरं ताट नाही का?" तर बाई म्हणायची, "तुमाले काऊन पोटात दुखून राह्यलं, सार?"

एकदा पेटी आवरताना तो सातवा कलदार मी भिंगाखाली धरला आणि आकडा दोनदा वाचला. साल १९३९. त्या सालचे फार थोडे रुपये लोकांच्या हाती आले, आणि पुढच्या सालापासून तर रुपयातली चांदीच निम्म्यावर आली. नाण्यांचा शौक असणारी माणसं या एका सालासाठी जीव टाकतात, आणि म्हणूनच खोटेपणाही या सालात सगळ्यांत जास्त. कोणी आठाचा नऊ कोरतो, कोणी अख्खं नाणंच ओततो. मी आठ दिवस तो तपासला. नऊचा आकडा अस्सल होता. आदिलाबादला सोनाराच्या काट्यावर नेऊन घातला, झिजेमुळं तोळ्याहून किंचित कमी, एवढंच. मग चिठ्ठी लिहिली. खूण एक, राजाच्या कानाखाली खोल टोच. खूण दोन, माथ्यावर कडी झाळल्याचा उंच डाग. मनातून मी हवेत होतो.

दोघी बहिणींनी ठरवलं की हा विकायचा आणि बाईच्या गावच्या बुद्धविहाराला आईच्या नावानं एक खोली बांधून द्यायची. आईचं नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं, सातबारावर नाही, दारावर नाही. बाई म्हणाली, "मायचं नाव भिंतीवर दिसलं पायजे, वं. मी तेवढं पाहून मरतो."

आदिलाबादच्या बाजारात जुन्या चांदीचा एक व्यापारी होता. मी त्याला नाणं आणि चिठ्ठी दाखवली. हैदराबादला गिऱ्हाईक आहे, म्हणाला, चार दिवस दोन्ही माझ्याकडे ठेवा. मी ठेवली. चार दिवसांनी गेलो तर सौदा बसला नव्हता. त्यानं नाणं मखमलीच्या तुकड्यावर माझ्यासमोर ठेवलं. शेजारीच काटा होता. तो म्हणाला, "साब, तौल के देख लो." मी भिंग काढलं. कानाखाली टोच, आहे. माथ्यावर डाग, आहे. मी म्हणालो, "उसकी जरूरत नहीं. मैं इसको पहचानता हूँ." आणि नाणं मिळालं म्हणून त्याच्या वहीत सही केली. तो माणूस मनात किती हसला असेल, याचा विचार आजही आला की माझ्या अंगाची लाही होते.

पुढं सहा-सात महिन्यांनी बाईचा मुलगा आला. मालाचा ऑटो चालवायचा, अबोल, सरळ. नागपूरला नाण्यांचं प्रदर्शन होतं, तिथं दाखवतो म्हणाला. मी त्याच्या हाती नाणं दिलं. आठ दिवसांनी तो बाईला सोबत घेऊनच परत आला. ओसरीवर बसला आणि नाणं माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "मावसाजी, तिथं तिघायले दाखवलं. तिघंबी म्हणते खोटं आहे. ओतलेलं."

मी ते फरशीवर टाकलं. आवाज झाला आणि मेला. हातात घेतलं तर हलकं लागलं. भिंगाखाली दोन्ही खुणा जिथल्या तिथं होत्या, पण अक्षरांच्या कडा विरघळलेल्या होत्या. साच्यात ओतताना मूळ नाण्याची प्रत्येक जखम जशीच्या तशी उतरते, हे मी लोकांना शंभरदा सांगितलं होतं. म्हणजे माझ्या दोन खुणा कवडीच्या कामाच्या नव्हत्या. व्यापाऱ्याच्या दुकानात मी ज्यावर सही केली ते हेच असू शकत होतं. हे मला त्या ओसरीवर, त्या मिनिटाला सुचलं. सुचलं नाही असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

बायकोनं विचारलं, "अहो, आपल्या घरून गेलं तवा खरं होतं ना?"

मी म्हणालो, "व्यापाऱ्याकडून आणताना मी स्वतः तपासून घेतलं होतं."

एवढंच बोललो. कोणाचं नाव घेतलं नाही. पण घरात चार माणसं होती, आणि मधे आठ दिवस नाणं कोणाकडे होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगं उभं राहिलं. म्हणालं, "मावसाजी, मी जसं नेलं तसंच आणलं." मी भिंग पुसत बसलो. नोकरीभर मी कारकून होतो, कधी गप्प बसायचं ते मला बरोबर कळतं.

बाई माझ्या बायकोकडं पाहत होती. माझी बायको म्हणाली, "यायनं जिंदगीभर नाणेच पाह्यले, बाई. यायले समजत नाही का? तू तुह्या पोराले इचार."

बाईनं पिशवी उचलली. चहा समोर होता, त्यावर साय धरली होती. पोराच्या दंडाला धरून ती पायऱ्या उतरली. बायको दारापर्यंत गेली आणि दारातच उभी राहिली. त्या दिवसापासून दोघींचं येणंजाणं बंद झालं, फोनही बंद.

मी सांगतो, वर्षभर माझं घर घर नव्हतं. बायको अंगणवाडीत मदतनीस, सकाळी जायची, दुपारी यायची, कामात काही कमी नाही. पण जेवायला बसली की ताट पुढ्यात ओढून घ्यायची आणि दोन घासांत उठायची. एकदा मला म्हणाली, "बाईच्या पोरानं असं काऊन केलं असन हो? आपल्याले मागतलं असतं तं देलं नसतं का?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं कोडं होतं. मी म्हणालो, माणसाचं काही सांगता येत नाही. माझ्या जिभेला हाड नाही, हे तेव्हा कळलं.

उन्हाळ्यात नदीपलीकडून येणाऱ्या कुणीतरी सांगितलं की बाईची किडनी गेली, आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेतात. बायकोनं त्या दिवशी ज्वारीच्या भाकरी आणि बाईला आवडणारी जवसाची चटणी करून डब्यात भरली, लुगडं बदललं आणि ओसरीवर येऊन बसली. बस गेली तरी बसूनच होती. शेवटी उठून डबा रिकामा केला. म्हणाली, "कोणत्या तोंडानं जाऊ? तिच्या पोराले चोर म्हटलं म्या." मी तिला जा म्हणालो नाही. तिथं गेली तर पोराशी बोलेल, पोरगं पुन्हा सांगेल, आणि मग ती माझ्याकडं पाहील. भीती ती होती.

त्यानंतरच्या एका मंगळवारी, बायको अंगणवाडीत असताना, भैंसाहून एक शाळामास्तर मला शोधत आले. भला माणूस, निवृत्त होऊन नाण्यांच्या नादी लागलेला. त्यांनी पाकिटातून १९३९चा कलदार काढला आणि सोबत एक झेरॉक्स. झेरॉक्सवर माझं अक्षर होतं. कानाखाली टोच, माथ्यावर डाग, खाली माझी सही. म्हणाले, "तुमची चिठ्ठी पाहूनच घेतला. आता लोक शंका घेऊन राह्यले. तुमी एकदा पाहून सांगा."

पाहायची गरजच नव्हती. तरी पाहिलं. मी त्यांना चहा दिला, आत जाऊन पेटीतला आमचा आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. दोघांच्या कानाखाली तीच टोच, दोघांच्या माथ्यावर तोच डाग. त्याशिवाय सालातल्या तीनच्या पोटात मोहरीएवढं एक टेकाड, दोघांच्याही. ते मूळ नाण्यात नव्हतं. साच्यात बुडबुडा राहिला की असं टेकाड येतं, आणि ते दोन नाण्यांत एकाच जागी आलं तर दोन्ही एकाच साच्यातली असतात. मास्तरांकडे त्या आदिलाबादच्या व्यापाऱ्याचं बिल होतं. त्यावरची तारीख बाईच्या मुलानं नाणं नेण्याच्या चांगली चार महिने आधीची होती. म्हणजे साचा व्यापाऱ्याकडे, तोही आधीपासून. पोरानं नागपूरला नेलं ते खोटंच नेलं होतं, आणि त्याच्या हाती ते मीच ठेवलं होतं.

मास्तर विचारत होते, "काय हो सार, खरं आहे ना?" मी त्यांना खोटं आहे म्हणून सांगितलं. ते बराच वेळ माझ्या सहीकडं पाहत बसले. मग ते नाणं आणि बिलाची नक्कल माझ्यापुढं टाकून गेले. तोही मारच होता, पण मी तो अंगावर घेतला नाही, कारण डोक्यात दुसरंच चाललं होतं. बायको दुपारी येईल तेव्हा सांगायचं. आजच सांगायचं. संध्याकाळच्या बसनं तिला बाईकडं न्यायचं.

ती आली. मी सांगितलं नाही.

मी स्वतःला समजावलं की आधी पुरावा पक्का करू. बुधवारी आदिलाबादला गेलो. व्यापाऱ्याच्या दुकानात आता मोबाइलचे कव्हर विकत होते. शेजारचा म्हणाला, गेला तो, कुठं गेला माहीत नाही. माझ्या चिठ्ठीवर त्यानं किती कलदार विकले असतील देव जाणे, आणि सासूचा खरा कुणाच्या कपाटात आहे तेही कधी कळणार नाही. गुरुवारी मी पोलिसात द्यायचा अर्ज लिहायला बसलो. चार वेळा लिहिला, चारही वेळा व्यापाऱ्याच्या वहीतली माझी सहीच माझ्याविरुद्ध जात होती, तिथंच अडत होतो. शुक्रवारी सकाळी तोच अर्ज पाचव्यांदा लिहीत असताना बायकोचा फोन वाजला. बाई पहाटे गेली.

मिळेल त्या बसनं आम्ही निघालो. बाईच्या दारात तिचा मुलगा उभा होता. तिला पाहून तो बाजूला सरला, वाट दिली. ती बाईच्या पायांशी बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. मी बाहेर पुरुषांत उभा राहिलो.  कोणीतरी मला पाहुणा म्हणून खुर्ची दिली. मी तिच्यावर बसलोसुद्धा.

शनिवारी मी एक दिवसासाठी गावी परतलो, घर उघडं पडलं होतं म्हणून. दोन्ही नाणी आणि बिलाची नक्कल खिशात घालून सोमवारी पुन्हा गेलो. दुपारी माणसं पांगल्यावर बायकोला आणि त्या पोराला आतल्या खोलीत बसवलं आणि सगळं सांगितलं. नाणी शेजारी ठेवून टेकाड दाखवलं. काटा नव्हता, तरी हातात घेऊन पाहा म्हणालो. व्यापाऱ्याच्या दुकानात मी वजन करायला नाही म्हणालो, तेही सांगितलं. शेवटी पोराला म्हणालो, "तू निर्दोष आहेस. चूक माझी."

त्यानं नाण्यांना हात लावला नाही. म्हणाला, "मले तं ठाऊकच होतं, मावसाजी. आईले ठाऊक नव्हतं." मग म्हणाला, "मी आंघोळीले गेलो का आई माही थैली उघडून पाहे, नाणं सापडते का म्हणून. वर्षभर. मले माहीत आहे हे तिले समजू देलं नाही म्या." तेवढं बोलून तो उठला आणि बाहेर ऑटोत जाऊन बसला. तो रडला असता, ओरडला असता, माझ्या अंगावर धावून आला असता तर बरं झालं असतं. त्याच्या आईच्या मनात तो संशय मी घातला होता, आणि तो घेऊनच ती गेली.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. बायकोनं डोळ्यांना पदर लावला नव्हता. तिनं विचारलं, "तुमाले कवा समजलं?"

प्रश्न सरळ होता. आयुष्यभर खऱ्याखोट्याचा निवाडा करणाऱ्या माणसाला तो विचारला होता. मंगळवार. बाई शुक्रवारी गेली. मधे रोज दोन बसगाड्या, येणाऱ्या-जाणाऱ्या.

मी म्हणालो, "काल. रविवारी. मी घरी गेलतो ना, तवा ते भैंसाचे मास्तर आले."

"म्हंजे बाई गेल्यावर."

"हो."

तिनं श्वास सोडला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, "मंग तुमी तरी काय करता? जिवाले लावून घेऊ नका." आणि मला प्यायला पाणी आणायला उठली.

ते पाणी मी प्यालो. तिला मंगळवार मी अजून सांगितलेला नाही.